दारावरचं ‘नवं’ आणि ताटातला समतोल

“डॉक्टर, साखर वाढली आहे, भात बंद करू का?” महाड-पोलादपूर भागात हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. उत्तर देण्याआधी आपल्या पणजीच्या ताटात डोकावू या.

आश्विन पौर्णिमा म्हणजे कोकणातली नवान्न पौर्णिमा. या सुमारास अनेक घरांच्या दारावर ‘नवं’ बांधतात. त्यात भाताच्या लोंब्यांबरोबर नाचणी आणि वरीची कणसंही असतात. जपानमध्येही 23 नोव्हेंबरला नव्या पिकाचा जुना विधी होतो, पण तिथे मान प्रामुख्याने तांदळाला. आपल्या दारावर मात्र डोंगराचं धान्यही मानाने बसतं.

याचं कारण इथल्या जमिनीत आहे. सावित्री-गांधारीच्या खोऱ्यात भाताची खाचरं, तर उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. भात काढला की त्याच ओलाव्यावर वाल आणि इतर कडधान्यं घेतात. भात, नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं, परसातली भाजी आणि ताक: समतोल आपोआप साधायचा.

मग नाचणी मागे का पडली? खोतीच्या काळात भाताचा मोठा वाटा खंड म्हणून खोताच्या घरी जाई. कुळाच्या चुलीवर बहुतेक दिवस भाकरीच. त्यामुळे भात श्रीमंतांचा आणि नाचणी गरिबांची, हे मनात रुजलं. 1949 च्या कायद्याने खोती गेली. पुढे मुंबईची कमाई आणि रेशनचा पांढरा तांदूळ घरात आला आणि लोक आनंदाने भाताकडे वळले. त्यात चूक काहीच नव्हती. पण ताट एकाच धान्याचं झालं.

आता आकडे पाहा. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 340 ते 365 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात 10 च्या आसपास. नाचणीत तंतूही जास्त. मात्र नाचणी म्हणजे मधुमेहावरचं औषध नव्हे. तिच्यातही पिष्टमय पदार्थ भरपूर असतात, म्हणून चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच.

तेव्हा भात बंद करू नका, कमी करा. एका वेळी वाटीभर भात, दुसऱ्या वेळी नाचणीची एक भाकरी. दोन्ही वेळा कडधान्य आणि भाजी भरपूर. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

यंदा ‘नवं’ बांधाल तेव्हा त्यातली तिन्ही धान्यं ताटातही येऊ द्या.