सोनतळी कॅम्प

राजर्षी शाहू छत्रपतींचे (१८७४–१९२२) कोल्हापूर शहराबाहेरचे मुक्कामाचे ठिकाण. पंचगंगा ओलांडून पन्हाळा-जोतिबाच्या वाटेला लागले की रजपूतवाडीजवळच्या उंच माळावर ते येते, म्हणून ‘रजपूतवाडीचा कॅम्प’ असाही त्याचा उल्लेख आढळतो.

महाराजांना शिकारीचा, घोड्यांचा आणि मोकळ्या रानाचा नाद होता. संस्थानात त्यांची अशी आणखीही ठिकाणे होती. राधानगरीचा बेनझीर व्हिला त्यांपैकीच, पुढे धरणाच्या पाण्याने वेढला गेलेला. मात्र सोनतळीचे मोल शिकारीपेक्षा तिथे कोणाला प्रवेश होता, यावरून ठरते. फासेपारध्यांना त्या काळी गुन्हेगार ठरवून रोज हजेरी द्यायला लावत. महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली आणि ज्यांच्यावर चोरीचा शिक्का होता त्याच पारध्यांना या कॅम्पच्या पहाऱ्यावर नेमले. स्वतःच्या उशाशी राखणीला बसवणे, याहून मोठा विश्वास तो कोणता!

गंगाराम कांबळे यांची हकिकत कोल्हापुरात आजही सांगतात. ते सरकारी पागेत मोतद्दार होते. सवर्णांसाठी राखलेल्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना बेदम मारण्यात आले. महाराज तेव्हा दिल्लीला गेले होते. परतून ते सोनतळीला उतरल्याचे कळताच गंगाराम आपल्या माणसांसह तिथे गेले आणि सदरा काढून त्यांनी पाठीवरचे वळ दाखवले. ते पाहून महाराज संतापले, मारणाऱ्यांना त्यांनी शासन केले. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. गंगारामांना नोकरीतून मोकळे करून स्वतःच्या धंद्यासाठी पैसे दिले आणि भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभे राहिले. दलिताच्या हातचा चहा घेणार कोण? महाराज दारात गाडी थांबवत, चहा मागवत आणि सोबतच्या मंडळींनाही तोच चहा घ्यायला लावत. महाराजांच्या निधनानंतर १९२५ मध्ये त्यांचे पहिले स्मारक उभारले गेले, तेही याच गंगारामांच्या पुढाकाराने.

२१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. तिथल्या भाषणात महाराजांनी त्यांना रजपूतवाडीच्या कॅम्पवर जेवायला येण्याचे निमंत्रण सर्वांदेखत दिले. ज्या काळात एका पंक्तीला बसणे हाच जातीचा खरा उंबरठा होता, त्या काळात छत्रपतींनी भरसभेत दिलेले हे आवतण कुठल्याही हुकुमाइतकेच वजनदार होते. खासगी मुक्कामाच्या जागेला असा सार्वजनिक अर्थ क्वचितच लाभतो, आणि म्हणूनच कोल्हापूरच्या वास्तूंमध्ये सोनतळीचे नाव नव्या राजवाड्याच्या बरोबरीने घ्यायला हवे.

पुढे येथे स्काऊट-गाइडची शिबिरे भरू लागली. जुन्या वास्तूला लोक ‘स्काऊट बंगला’ म्हणतात. १९८९ च्या महापुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या नदीकाठच्या गावांना सोनतळीच्या माळावर पुनर्वसनाचे भूखंड मिळाले. पावसाळ्यात पंचगंगा पात्र सोडून गावात शिरू लागली की तिथली माणसे दावणीची जनावरे सोडून घेतात आणि माळाची चढण चढू लागतात.