भोंगा झाला का गं?



2023 साली एकदा घरातले सगळे मोबाइल एकाच वेळी किंचाळले होते, आठवतं का? सरकार आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेत होतं. सून भाजी निवडत होती, तिच्या हातून परडी सुटली. नातू म्हणाला, "आजी, घाबरू नको, फक्त टेस्ट आहे." मी घाबरले नव्हते. मला फार वर्षांनी एकदम भोंगा आठवला होता, आणि तोंडातून निघून गेलं, "पाणी गाळायचं राहिलं का?" नातू माझ्याकडे बघतच राहिला. त्याला त्या दिवशी जे सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगते.

माझं बालपण नागपूरच्या इतवारीतलं. एम्प्रेस मिल, मॉडेल मिल अशा गिरण्यांचे भोंगे शहरभर ऐकू येत. वारा इकडचा असला की एकाचा आवाज मोठा, तिकडचा असला की दुसऱ्याचा. आवाजावरून कोणती गिरणी ते लहान पोरंही सांगत. घरात किल्लीचं घड्याळ होतं, पण ते मागे पडायचं, कधी किल्ली द्यायची राहून जायची. मग बाबा भोंग्याबरोबर काटे लावायचे. आईचा तर घड्याळावर विश्वासच नव्हता. सकाळचा भोंगा झाला की पितळी गुंडावर फडकं बांधून पाणी गाळायचं. पुढचा झाला की आमचे डबे. आणि संध्याकाळचा पाचचा झाला की ताटं वाढायची. दिवसातून चार वेळा तरी ती स्वयंपाकघरातून ओरडून विचारायची, "भोंगा झाला का गं?"

संध्याकाळचा भोंगा तिच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा, कारण आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं. तुम्ही म्हणाल, सूर्य दिसत नव्हता का? इतवारीच्या गल्लीत तो कसा दिसणार! घरं एकमेकांना चिकटलेली, समोरचा माडीवाला वाडा दुपारी चारलाच ऊन अडवायचा. सूर्य मावळला की वाड्यामागे गेला, हे कळायला मार्ग नव्हता. भोंगा तर बाराही महिने ठरल्या वेळेला वाजणार, आणि सूर्य आपल्या चालीने चालणार. नागपुरात डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचलाच सूर्यास्त होतो, जून-जुलैत सातच्या सुमाराला. आईचा हिशोब तोंडपाठ होता: मार्गशीर्षात भोंगा झाला की लगेच पानावर बसायचं, आषाढात भोंग्यानंतर भाकरी थापायला घेतली तरी चालेल. मुंबईच्या मावशीने एकदा तिथल्या वेळांचा तक्ता पाठवला होता. आईने तो एक दिवस वापरला आणि गुंडाळून ठेवला. मुंबईपेक्षा आपल्याकडे सूर्य साधारण पंचवीस मिनिटं आधी मावळतो, ऋतूप्रमाणे थोडं कमी-जास्त. मुंबईच्या तक्त्यावर नागपुरात चौविहार पाळायला गेलं तर तो मोडायचाच.

आता या भोंग्याची थोडी कुळकथा. 1867 मध्ये नागपूरला रेल्वे आली. विदर्भाचा कापूस हाताशी होता. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून इथे गिरणी काढायचं ठरवलं, तेव्हा अनेकांना ते वेड वाटलं. जुम्मा तलावाजवळ, म्हणजे आजच्या गांधीसागरापाशी, त्यांनी दलदलीची जागा घेतली आणि भराव घालून ती भरून काढली. एका सावकाराने म्हणे पैसे द्यायला नकार दिला. जमिनीत सोनं पुरणाऱ्याला मी कर्ज देणार नाही, असं त्याचं म्हणणं. पुढे त्यानेच कबूल केलं, की या माणसाने माती टाकली आणि सोनं काढलं. 1 जानेवारी 1877 ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. कारभार बेझनजी मेहतांकडे होता, आणि ते आधी रेल्वेत होते.

सुरुवातीला कामगार रोज येतच नसत. हातात चार पैसे असले की शेतावर, लग्नाला, जत्रेला जात. त्यांना टिकवायला टाटांनी बक्षिसं सुरू केली. त्यात सोन्याचांदीच्या साखळ्या असत, रंगीत कापड असे आणि घड्याळंही असत. 1901 मध्ये तिथे प्रॉव्हिडंट फंडही आला. पण शेकडो-हजारो माणसांना एकाच वेळी दारात आणायचं, तर बक्षिसाचं एक घड्याळ पुरत नाही. त्यासाठी भोंगा. बॉयलरची वाफ शिट्टीत सोडायची की आवाज कोसभर जातो. ज्याच्या घरी घड्याळ नाही त्यालाही तो ऐकू येतो, आणि ऐकला नाही असं म्हणायची सोयही राहत नाही.

घड्याळाचं हे दुखणं मुंबईच्या गिरणगावात अधिक पेटलं. 1 जानेवारी 1906 पासून देशभर एकच प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या सूर्यापेक्षा 39 मिनिटं पुढे, आपल्या नागपुरात सुमारे 14 मिनिटं पुढे. त्याच आठवड्यात मुंबईत हजारो गिरणी कामगार काम सोडून रस्त्यावर आले. घड्याळ पुढे सरकलं, म्हणजे झोपेतली पाऊण तासभर वेळ कापली गेली, ही त्यांची तक्रार. मुंबईच्या महापालिकेने तर स्वातंत्र्यानंतरही काही काळ स्वतःची जुनी वेळ सोडली नव्हती.

आणि कामाचे तास केवढे! 1911 च्या कायद्याने गिरणीतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. 1922 मध्ये तो अकरा तासांचा झाला, 1934 मध्ये दहाचा. आठवड्याला 48 तास, हे 1946 च्या कायदादुरुस्तीने आलं. या प्रत्येक पायरीला सुटीचा भोंगा थोडा अलीकडे सरकला. बायकाही त्याच भोंग्यावर निघत. कौसल्या बैसंत्री या आपल्या नागपूरच्या. 'दोहरा अभिशाप' हे त्यांचं हिंदी आत्मचरित्र. त्यांचे आईवडील दोघंही एम्प्रेस मिलमध्ये कामाला जात. पहाटे घरचं आवरायचं, लेकरं कुणाच्या तरी भरवशावर ठेवायची आणि भोंग्याच्या आत फाटक गाठायचं, असं त्या पिढीतल्या किती बायांनी केलं असेल! माझी आई ज्या आवाजावर पाणी गाळायला घ्यायची, त्याच आवाजावर शहराच्या दुसऱ्या टोकाला एखादी आई तान्हं लेकरू खाली ठेवून धावत सुटत होती. हे मला फार उशिरा सुचलं.

आमच्या भिंतीपलीकडे एक काकू राहत. काका शहरातल्या एका गिरणीत. त्यांची रात्रपाळी असली की दुपारी आम्हाला गल्लीत खेळायची मनाई. काकू दारात येऊन नुसतं तोंडावर बोट ठेवायच्या, तेवढ्यावर आम्ही गप्प.

मी सातवी-आठवीत असेन. थंडीचे दिवस. आईने वरण-भात केला, ज्वारीच्या भाकरी टोपल्यात झाकून ठेवल्या आणि भोंग्याची वाट पाहत तांदूळ निवडत बसली. भोंगा होईना. "अजून कसा नाही झाला गं?" म्हणत ती बसूनच राहिली. आम्ही पोरं अभ्यासात. बाबा दुकानातून आले आणि म्हणाले, "अजून जेवली नाहीस? दिवस मावळून वीस मिनिटं झाली." आईने ताट तसंच झाकलं. आम्हा मुलांना वाढलं, स्वतः पाण्याचा थेंबही घेतला नाही. थोडी चिडलीच होती. भिंतीपाशी जाऊन काकूंना हाक मारली, "अवं, आज तुमचा भोंगा कुठं गेला?"

पलीकडून काकू म्हणाल्या, "आजपासून संप हाय, बाई. भोंगा नाही वाजत आता."

आई काही बोलली नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर बाबांना म्हणाली, "माझं एका रात्रीचं जेवण राहिलं, तर मी तिला जाब विचारायला गेले. तिच्या घरी उद्यापासून काय?" दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पायलीभर ज्वारी आणि तुरीची डाळ माझ्याकडून पलीकडे पाठवली. काकू घेईनात. मग आईने निरोप दिला, "उसनी म्हणून घ्या, भोंगा वाजला की परत द्या." संप मिटेपर्यंत ते चालू राहिलं. मिटल्यावर काकूंनी खरोखर मापाने ज्वारी परत आणली, आणि आईने ती मापून घेतली. तेव्हा मला राग आला होता, आई इतकी हिशोबी कशी? आता कळतं, मापून घेतलं म्हणूनच काकूंना पुन्हा आमच्या दारात ताठ मानेने येता आलं.

भोंग्याची भीती मात्र मला मावशीकडून कळली. डिसेंबर 1971 च्या युद्धात ती मुंबईत होती. काचांना काळे कागद, दिव्यांवर आवरण, रस्ते अंधारात. वरखाली होत रडणारा आवाज म्हणजे धोका, एकसुरी लांब आवाज म्हणजे धोका टळला. तिच्या चाळीत सायरन झाला की बायका चुली विझवायला धावायच्या. मावशी हसून सांगायची, "आमच्या घरची चूल तर दिवस असतानाच विझलेली. मी आपली नवकार म्हणत जिन्याखाली बसायची, आणि शेजारणींची पोरं माझ्या मांडीवर." पुढे कित्येक वर्षं साधी रुग्णवाहिका गेली तरी ती हातातलं काम थांबवून ऐकायची, आवाज वरखाली होतोय की सरळ जातोय.

शाळेत आमच्या वाट्याला शांत सायरन यायचा, 30 जानेवारीचा. सकाळी अकराला तो वाजला की जिथे आहोत तिथे उभं राहायचं, गांधीजी आणि हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं मौन. रस्त्यावरचा सायकलवालाही एक पाय टेकून थांबलेला मी पाहिला आहे. दोन मिनिटांनी पुन्हा सायरन, आणि शहर पुन्हा चालू.

मग गिरण्या मिटत गेल्या. एम्प्रेस मिल 1986 मध्ये टाटांच्या हातून गेली, काही वर्षं सरकारी महामंडळाने चालवली, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला ती कायमची थांबली. त्या जागेवर आज मॉल आहे. सून तिथून नातवाचे बूट आणते. आमच्या शेजारच्या काकांची गिरणीही बंद झाली. काकू सांगायच्या, "हे अजून पहाटेच उठून बसतात, चप्पल घालतात, अन् मग आठवतं." आईने त्यानंतर भिंतीवर सेलचं घड्याळ लावलं. ते कधी मागे पडलं नाही. पण "भोंगा झाला का गं?" हे विचारायची तिची सवय शेवटपर्यंत गेली नाही. आम्ही घड्याळाकडे पाहून "झाला" म्हणायचो.

भोंगा अगदीच संपला असंही नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारापासून तिथे रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो. तो वाजला की टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद, मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी बोलायचं. साडेआठला दुसरा भोंगा होतो आणि मोकळीक मिळते. वाचलं तेव्हा वाटलं, मोबाइलचा इशारा ज्याच्या त्याच्या खिशात वाजतो आणि ज्याने त्याने तो बंद करायचा असतो. भोंगा सगळ्यांचा एकच असल्यामुळे, तो वाजला नाही की शेजारी काय झालं हे विचारावंसं तरी वाटतं.

नातवाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या काकू आता कुठे असतात?" काकू गेल्या त्याला बारा वर्षं झाली. त्यांचा मुलगा वर्धा रोडला राहतो. त्याला फोन करायचा मनात होतं, राहूनच जात होतं. त्या दिवशी केला.

तुमच्या गावात कोणता भोंगा वाजायचा, आणि त्यावर घरात काय सुरू व्हायचं? आईला, सासूबाईंना विचारा. आणि भोंगा कुणासाठी वाजत होता, तेही विचारा.