हातांतला मायक्रोफोन आणि रानांतला इतिहास

महाराष्ट्रांतील इतिहाससंशोधन कागदावर पोसलें. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें धुंडाळलीं व १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ खंडशः प्रसिद्ध केलीं. परंतु चंद्रपूर आणि त्यापासून १९८२ सालीं वेगळा झालेला गडचिरोली, या अरण्यमय जिल्ह्यांतील गोंड व माडिया लोकांचा पुष्कळसा इतिहास दप्तरांत नसून माणसांच्या मुखांत आहे. तो टिपणाऱ्या साधनांची वाटचाल आम्ही येथें थोडक्यांत पाहणार आहों.

पहिलें साधन लेखणी. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं परधानाच्या तोंडची लिंगोची कथा उतरवून घेतली. ते १८६३ सालीं वारले आणि त्यांचीं टिपणें रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापलीं. शब्द वांचले, परंतु गाणाऱ्याचा स्वर, त्याचे विराम आणि परधानांच्या गायनाची जी सोबतीण किंगरी, तिचा नाद कागदावर उतरणें शक्यच नव्हतें.

एडिसनच्या फोनोग्राफानें १८७७ सालीं ही उणीव दूर करण्याची वाट दाखविली. पुढें ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणास जोडून, मध्यप्रांतासह अनेक प्रांतांतील बोलींच्या ग्रामोफोन-तबकड्या निघाल्या. त्यांत मुख्यतः बायबलांतील उधळ्या मुलाची गोष्ट वदवून घेत. तुलनेसाठीं एकच गोष्ट सोयीची, हें आम्हांस मान्य आहे. तथापि यंत्र अवजड असल्यामुळें माणसाला यंत्राकडे यावें लागे, आणि काय बोलावयाचें हेंही बहुधा दुसराच ठरवी.

हा क्रम उलटला तो साधन हलकें झाल्यावर. १९६२ सालीं सेसलर व वेस्ट यांनीं इलेक्ट्रेट मायक्रोफोन सिद्ध केला. १९६३ सालीं फिलिप्सची कॅसेट आली. आतां यंत्र माणसाच्या अंगणांत जाऊं लागलें. २०१० सालीं शुभ्रांशु चौधरी यांनीं उभारलेल्या ‘सीजीनेट स्वर’ या उपक्रमांत तर मध्य भारतांतील आदिवासी साध्या मोबाइलवरून, गोंडींतसुद्धां, आपल्या वार्ता व गाऱ्हाणीं स्वतःच सांगूं लागले.

मायक्रोफोनचीं उपांगें क्षुल्लक दिसतात, पण रानांत त्यांवांचून चालत नाहीं. फोमची टोपी वाऱ्याचा घोंघाट अडविते; मूठ व तिच्यांतील रबर बोटांच्या घर्षणाचा आवाज कमी करतात; तारेचा सैल वेढा हातावर घेतला म्हणजे तिचे हिसके मायक्रोफोनला बसत नाहींत. परंतु कोणतेंही उपांग अंतराची भरपाई करीत नाहीं. उघड्यावर बोलणाऱ्यापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं त्याच्या आवाजाचा दाब निम्मा होतो; रातकिडे आणि सागाचीं पानें मात्र पूर्वीइतक्याच जोरानें वाजत राहतात. म्हणून मायक्रोफोन मुखापासून वीतभर अंतरावर धरावा लागतो.

आमच्या मतें खरा प्रश्न या वीतभर अंतराचा आहे. परक्याच्या मुखाजवळ हात नेण्यास त्याची संमति हवी, आणि संमतीस ओळख हवी. भामरागडच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईनें आपली कथा सांगितली, तर ती कोठें ऐकविली जाईल, हें तिला तिच्या भाषेंत अगोदर सांगितलें पाहिजे. तिची इच्छा असेल तर तिचें नांव कथेबरोबर राहिलें पाहिजे. आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत तिच्या गांवीं परत गेली पाहिजे. दप्तरांच्या मालकांना विनवून कागद मिळविणाऱ्या पिढीचा आम्ही गौरव करतों. तोच विनय रानांतल्या सांगणाऱ्यांच्या वांट्यासही आला पाहिजे.