डिस्क-संच (रेड), लिनक्स सर्व्हरवरील

अनेक हार्ड डिस्क एकत्र बांधून त्या संगणकास एकच डिस्क म्हणून दाखवण्याची, आणि त्यांपैकी एखादी निकामी झाली तरी उरलेल्यांच्या आधारे माहिती अबाधित राखण्याची व्यवस्था. ‘रेड’ हे तिचे रूढ नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून बनले आहे. संचाचे सारे प्रयोजन एका विशिष्ट अवधीशी निगडित असते : पहिली डिस्क बंद पडल्यापासून तिच्या जागी बसवलेल्या नव्या डिस्कवर सर्व माहिती पुन्हा उतरेपर्यंतचा हा अवधी होय. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यासारख्या ठिकाणी तो सहज लांबतो. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वसलेल्या या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणापासून नागपूर सुमारे २०० किमी., तर राजधानी हैदराबाद सुमारे ३०० किमी. अंतरावर आहे; त्यामुळे हव्या त्या प्रतीची डिस्क बाजारात मिळाली नाही, तर ती येईतो एक-दोन दिवस सहज जातात.

इतिहास : निकामी झालेल्या स्मृति-एककातील माहिती इतर एककांवरून पुन्हा सिद्ध करण्याच्या युक्तीचे एकस्व आयबीएम या कंपनीतील नॉर्मन ओउची यांना १९७८ मध्ये मिळाले. तथापि या कल्पनेस शास्त्रीय मांडणी आणि नाव लाभले ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांच्या १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधामुळे. मोठ्या संगणकांच्या महागड्या डिस्कपेक्षा वैयक्तिक संगणकांच्या स्वस्त डिस्कचा समूह अधिक कार्यक्षम ठरेल, हे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणून नावातील ‘आय’ हे अक्षर मूळचे ‘स्वस्त’ या अर्थाचे असून विक्रेत्यांच्या हाती पडल्यावर त्याचा अर्थ ‘स्वतंत्र’ असा झाला. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्सच्या गाभ्यात (कर्नेलमध्ये) संचाचे काम ‘एमडी’ हा विभाग पाहतो, आणि तो हाताळण्यासाठी नील ब्राउन यांनी २००१ मध्ये लिहिलेली ‘एमडीअ‍ॅडम’ ही आज्ञावली आजही प्रमाण मानली जाते. यामुळे स्वतंत्र नियंत्रक (रेड कार्ड) विकत न घेता साध्या संगणकावरही संच उभारता येतो, आणि तो संगणक बिघडला तरी त्याच डिस्क दुसऱ्या लिनक्स संगणकास जोडून संच पुन्हा चालू करता येतो.

प्रकार : प्रत्येकी ४ टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या, तर ‘रेड ०’ मध्ये १६ टेराबाइट जागा मिळते, मात्र कोणतीही एक डिस्क गेली की सर्वस्व जाते, नावात रेड असूनही यात संरक्षण मुळीच नाही. ‘रेड १’ मध्ये प्रत्येक डिस्कवर तीच माहिती हुबेहूब असते. सामान्यतः दोनच डिस्क वापरल्या जातात. ‘रेड ५’ मध्ये १२ टेराबाइट जागा मिळून संच एका डिस्कचा नाश सोसतो. ‘रेड ६’ मध्ये जागा ८ टेराबाइट, पण संच कोणत्याही दोन डिस्कचा नाश सोसतो. ‘रेड १०’ मध्येही जागा ८ टेराबाइटच असते. तेथे दोन डिस्क गेल्यास संच तगणे हे त्या कोणत्या दोन आहेत, यावर अवलंबून असते.

दफ्तरी भाषेत बोलायचे तर ‘रेड १’ ही अस्सल कागदाची नक्कल होय, आणि ‘रेड ५’ हा जमाखर्चाचा ताळा होय. वसुलीच्या वहीतील एका ओळीस वाळवी लागली, पण पानाखालची बेरीज शाबूत राहिली, तर उरलेल्या रकमा वजा करून ती ओळ पुन्हा लिहिता येते. दोन ओळी गेल्या तर मात्र एका बेरजेचा उपयोग नाही. ही बेरीज म्हणजेच ‘पॅरिटी’. संगणक ती द्विमान अंकांवर करतो : १, ० आणि १ यांची पॅरिटी ० येते, आणि कोणताही एक अंक पुसला तरी उरलेल्यांवरून तो सिद्ध होतो. ‘रेड ६’ वेगळ्या गणिताने काढलेला दुसरा ताळा ठेवते, म्हणून तेथे दोन ओळींची हानी भरून निघते.

स्थापना : डिस्क एकाच दिवशी एकाच खेपेतून आणलेल्या नसाव्यात, कारण समान दोष असलेल्या डिस्क समान वयात बिघडण्याचा संभव असतो. प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी त्या डिस्कच्या खणावर चिकटवावी. हे काम क्षुल्लक वाटते, पण बिघाडाच्या प्रसंगी चुकून चालू डिस्क उपसली जाण्याचा अनर्थ त्यानेच टळतो. जुन्या ‘एमबीआर’ पद्धतीच्या विभागणीस सुमारे २ टेराबाइटची मर्यादा असल्याने मोठ्या डिस्कसाठी ‘जीपीटी’ विभागणी योजावी. संच निर्माण केल्यावर त्याची ओळख संरूपण-धारिकेत (कॉन्फिगरेशन फाइलमध्ये) नोंदवून प्रारंभिक बूट-प्रतिमाही नव्याने करावी लागते. डेबियन आणि त्यावर आधारित प्रणालींत, ज्यांत सी-डॅक या संस्थेने सिद्ध केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही येते, ही पायरी विसरली गेल्यास पुढच्या आरंभी संच ‘एमडी१२७’ अशा परक्या नावाने प्रकट होतो, आणि जुन्या नावावर विसंबलेली यंत्रणा अडून बसते. म्हणून धारिका-प्रणाली जोडताना यंत्राच्या नावाऐवजी तिच्या स्थायी ओळख-क्रमांकाचा (यूयूआयडीचा) उपयोग करावा. ज्या संचावरून सर्व्हर सुरू होतो, त्याच्या प्रत्येक डिस्कवर बूट-लोडर बसवणेही आवश्यक आहे. अन्यथा माहिती दोन्हीकडे असूनही पहिली डिस्क गेल्यावर यंत्र सुरूच होत नाही.

येथे स्थानिक हवामानाचा विचार प्राप्त होतो. आदिलाबादचा उन्हाळा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो, आणि बहुतेक डिस्कची कार्यमर्यादा सुमारे ६० अंश असते. ४२ अंशांच्या बंद खोलीत चालणारी डिस्क त्याहून १०–१५ अंशांनी तापली, तर मर्यादा जवळ येते. जिल्हा कापसाचा असल्याने जिनिंगच्या परिसरातील सर्व्हरच्या पंख्यांत व जाळ्यांत तंतू आणि धूळ साचते. वीज अकस्मात गेल्यास पॅरिटी व माहिती यांचा मेळ अर्धवट राहू शकतो, म्हणून यूपीएस ही चैन नव्हे, तर स्थापनेचा भाग होय. लेखन-नकाशा (बिटमॅप) चालू ठेवल्यास अशा खंडानंतर संपूर्ण संच न तपासता केवळ शंकास्पद भागच पडताळला जातो. सुटा भाग दूरवरून येणार हे गृहीत धरून एक राखीव डिस्क आधीच जोडून ठेवावी, म्हणजे तिच्यावर माहिती पुन्हा उतरवण्याचे काम (पुनर्बांधणी) माणसाच्या येण्याची वाट पाहत नाही.

दोषनिदान : पहिली तपासणी ‘एमडीस्टॅट’ या धारिकेची. ती संचाचा हजेरीपटच होय : चालू डिस्कसाठी इंग्रजी ‘यू’ हे अक्षर, आणि गैरहजर डिस्कच्या जागी अधोरेषा. त्यानंतर डिस्कच्या स्वतःच्या स्मार्ट-नोंदी पाहाव्यात. पर्यायी जागी हलवलेल्या आणि वाचनासाठी प्रलंबित असलेल्या क्षेत्रांचे (सेक्टरांचे) आकडे वाढत असल्यास डिस्क बदलावी. केवळ ‘सीआरसी’ दोषांचा आकडा वाढत असल्यास बहुधा केबल वा तिची जोडणी सदोष असते, आणि डिस्क निष्कारण बाद केली जाते. डिस्क बाद होण्याचे तिसरे कारण कालमर्यादेचे : घरगुती वापराची डिस्क एखादे खराब क्षेत्र वाचण्यासाठी दीर्घकाळ झटते, आणि लिनक्स सामान्यतः ३० सेकंदांनंतर धीर सोडून जोडणी पूर्ववत करू पाहतो, ज्यात धडधाकट डिस्क संचाबाहेर पडू शकते. सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्कमध्ये हा प्रयत्न सुमारे ७ सेकंदांत आटोपता घेण्याची सोय असते.

संच उभाच राहत नसेल, तर प्रत्येक डिस्कवरील नोंद वाचून तिचा घटना-क्रमांक ताडून पाहावा. क्रमांक जवळजवळ समान असल्यास सक्तीने जुळणी करता येते. संच ‘नव्याने निर्माण’ करण्याची आज्ञा घाईने देणे ही सर्वांत घातक चूक होय, कारण डिस्कचा क्रम वा माहितीच्या खंडाचे (चंकचे) माप किंचित बदलले तरी माहिती विस्कटते. वाचन-दोष असलेल्या डिस्कची प्रत प्रथम ‘डीडीरेस्क्यू’ने दुसऱ्या डिस्कवर उतरवून मगच प्रयोग करावेत.

पुनर्बांधणीचा काळ कसोटीचा असतो. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदास १५० मेगाबाइट या वेगाने भरली, तरी साडेसात तासांच्या आसपास लागतात, आणि सर्व्हरवर कामाचा बोजा असल्यास त्याहून पुष्कळ अधिक. या अवधीत उरलेल्या सर्व डिस्क आद्यंत वाचाव्या लागतात. घरगुती डिस्कचे निर्माते १० चा १४ वा घात इतक्या बिटांमागे, म्हणजे सुमारे १२.५ टेराबाइटमागे, एक असाध्य वाचन-दोष गृहीत धरतात. त्यामुळे मोठ्या ‘रेड ५’ संचात दुसरा आघात नेमका याच वेळी होण्याचे भय असते. मोठ्या डिस्कसाठी ‘रेड ६’ वा ‘रेड १०’ पसंत केले जाते ते यामुळे. दडलेले दोष आधीच उघड व्हावेत म्हणून संचाची नियतकालिक पडताळणी करतात. डेबियनमध्ये ती महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होण्याची योजना आहे. बिघाडाची वर्दी ई-मेलने देणारी देखरेखही चालू असावी. अन्यथा एक डिस्क गेल्याचे दुसरी जाईपर्यंत कोणास कळत नाही.

मर्यादा : संच म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली धारिका नकलेतूनही त्याच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर विषाणूने कुलूपबंद केलेली माहिती सर्व डिस्कवर तशीच कुलूपबंद होते. आणि वीज कोसळली तर एका पेटीतील साऱ्या डिस्क एकदमच जळू शकतात. म्हणून एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी, हे कागदी दफ्तराच्या उदाहरणावरूनही पटते : १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी उरलेल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. हद्दी बदलल्या की आपला कागद कोणत्या कचेरीत आहे हे शोधण्याची पाळी माणसावर येते, आणि दुसऱ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतीचे मोल तेव्हा कळते. संच पहिल्या बिघाडानंतरचा अवधी निभावतो. पेटीच नष्ट झाली, तर हा अवधीच उरत नाही, आणि मग पैनगंगा नदीपलीकडे वा अन्यत्र ठेवलेली, अधूनमधून उघडून पाहिलेली प्रत तेवढी कामास येते.