चौथी सीट आणि हिरा

आमच्या घराण्यात आजवर कोणाला हिरा सापडलेला नाही. पणजोबांना एकदा परसात हंडा सापडला होता म्हणतात, पण तो शेजाऱ्यांचा निघाला आणि त्याला भोकही होतं. त्यामुळे परवा नातवाने "आबा, हिरा सापडला!" अशी आरोळी ठोकली, तेव्हा मी वर्तमानपत्र टाकून धावलो आणि ही तव्यावरची पोळी टाकून धावली. पाहतो तो काय, संगणकाच्या पडद्यावर एक चौकोनी दगड आणि त्यात निळसर ठिपके! ही पोळीकडे परतली. मी मात्र तिथेच अडकलो.

खेळाचं नाव माइनक्राफ्ट. मार्कुस पर्सन नावाच्या स्वीडिश गृहस्थाने २००९ साली तो लोकांपुढे ठेवला, २०११ च्या नोव्हेंबरात तो पुरा झाला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. म्हणजे खरा हिरा कोणाला सापडला हे उघड आहे! खेळणाऱ्याला मात्र रानात रिकाम्या हाताने सोडून देतात. हातानेच झाड तोडायचं, लाकडाचा टिकाव करायचा, त्याने दगड फोडायचा, दगडाच्या टिकावाने लोखंड काढायचं आणि लोखंडी टिकाव झाला की मग हिऱ्याच्या वाटेला जायचं. घाईघाईने लाकडी टिकाव हिऱ्यावर मारलात तर हिरा फुटतो आणि हाती काही लागत नाही. शिवाय रात्र होते, भुतंखेतं येतात, भूक लागते. थोडक्यात, माझ्या नोकरीची पहिली दहा वर्षं!

हिरे कुठे मिळतात, यालाही इतिहास आहे. पूर्वी त्या जगाचा तळ शून्यावर होता आणि त्याच्या वर दहा-बारा ठोकळ्यांवर हिरे मिळत. ३० नोव्हेंबर २०२१ ला कंपनीने तळच उणे चौसष्टपर्यंत खाली नेला. तेव्हापासून हिरे शोधायचे ते उणे एकोणसाठच्या आसपास.

"आबा, जितकं खाली जाल तितके जास्त हिरे," नातू म्हणाला.

आता हे ज्ञान त्याने मला द्यावं? अरे, मी अंबरनाथला राहून तीस वर्षं फोर्टात नोकरी केली! सकाळच्या लोकलमध्ये अंबरनाथला चढणाऱ्याला काय मिळायचं? लटकायला दांडी. चौथी सीट म्हणजे कोळसा. अर्धं शरीर बाकावर, अर्धं अधांतरी. खिडकी म्हणजे हिरा. आणि तो हवा असेल तर मुंबईकडे जायचं असूनही आधी उलटं, खाली बदलापूरला जायचं, आणि तीच गाडी परत फिरली की खिडकीत बसून अंबरनाथच्या फलाटावरच्या गर्दीकडे दयार्द्र नजरेने बघायचं. पास अर्थात बदलापूरपासूनचा काढायचा. खाणीत उतरण्याची ती फी.

या अनुभवाच्या बळावर, नातू क्लासला गेलेला असताना मी त्याच्या खाणीत उतरलो. स्वतःच्या पायाखालचा ठोकळा कधी खणायचा नाही, हा तिथला पहिला नियम. तो मला कोणी सांगितला नव्हता. मी खणला. खाली लाव्हा होता. चौदा हिरे, लोखंडी टिकाव आणि अस्मादिक, क्षणात खाक!

नातू आला. पडद्याकडे बघून गप्पच बसला. रडला असता तर बरं वाटलं असतं. मी समजूत घालायला लागलो, "अरे, लाव्हा वाईट नसतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या पायाखालीही तोच होता. गार होऊन त्याचा काळा दगड झाला. हिरे नाहीत त्यात, पण त्याच दगडातून शिलाहार राजांनी १०६० साली आपलं शिवमंदिर उभं केलं."

"पण माझे हिरे?"

इतिहास असा ऐन वेळी कामाला येत नाही. तेवढ्यात मला साईंची आठवण झाली.

आमच्या ऑफिसात उल्हासनगरचे एक सिंधी गृहस्थ होते. आम्ही सगळे त्यांना साईं म्हणायचो. ते माझ्या पुढच्या स्टेशनावर चढायचे, त्यामुळे त्यांना कधीच जागा मिळायची नाही. मी सरकून चौथी सीट द्यायचो. फाळणीच्या वेळी नऊ वर्षांचे असताना ते कराचीहून बोटीने मुंबईला आले आणि तिथून कल्याण कॅम्पात. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेल्या बराकी, त्यांत सुमारे एक लाख माणसं. ८ ऑगस्ट १९४९ ला राजाजींनी कोनशिला बसवून या वस्तीला उल्हासनगर नाव दिलं. साईंच्या वडिलांच्या खिशात कराचीच्या दुकानाची किल्ली होती. ती बराकीतल्या खिळ्याला टांगून ते दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. साईंनी शाळा सांभाळून लोकलमध्ये गोळ्या विकल्या. "याच लोकलमध्ये," ते हसत सांगायचे, "तेव्हाही उभाच होतो."

"मग त्यांना सामान परत मिळालं?" नातवाने विचारलं.

"नाही."

"सगळं पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"आणि किल्ली?"

"खिळ्यालाच राहिली. वडील गेले तेव्हा साईंनी काढून ठेवली."

तो थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग रिकाम्या हाताने एका झाडावर ठोसे मारायला लागला. लाकडाचा पहिला तुकडा पडला.

"आबा, या वेळी पायाखाली खणायचं नाही हं," असं म्हणून तो खुर्चीवर जरा सरकला.

निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी मला पुन्हा चौथी सीट मिळाली. अर्धं शरीर अधांतरीच होतं, पण तक्रार नाही.