मोकळ्या जागेवरची खूण



जुन्या पोथ्यांची पाठचिकित्सा हा माझा आयुष्यभराचा विषय. त्याच ओढीने संगणकाच्या इतिहासातील एका प्रकरणात मी गुंतलो. ते आज आपल्यापुढे मांडतो.

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नेल. (फौजेतल्या कर्नलाशी त्याचे नाते नाही.) मेमरीतील जागेचे वाटप त्याच्याकडे असते. जागा मागावी, वापरावी, परत करावी, एवढाच व्यवहार. पण १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा ज्या सी भाषेत नव्याने लिहिला गेला, तिच्यात हा हिशेब सर्वस्वी लिहिणाऱ्याच्या सावधपणावर सोडलेला आहे. जागा परत करायला विसरणे, परत केलेली जागा पुन्हा वापरणे आणि शेजाऱ्याचा बांध कोरणे, हे येथले नेहमीचे दोष. साध्या प्रोग्रामने आगळीक केली तर कर्नेल त्याला आवरतो. कर्नेलच चुकला तर त्याच्यावर राखणदार कोण? अशा चुकीतून परक्याच्या हाती यंत्राचा ताबाही जाऊ शकतो.

त्यात दोष घडतो तेथे दिसत नाही. सोडलेल्या जागी दुसऱ्याचा मजकूर येऊन बसतो, पहिला त्यावरच लिहून जातो आणि यंत्र कोसळते ते तिसऱ्याच ठिकाणी. पोथ्यांच्या अभ्यासकाला हे दुखणे ओळखीचे आहे. एका लेखनिकाची नजरचूक चार नकलांनंतर अर्थाचा अनर्थ करते आणि ठपका येतो शेवटच्या नकलकारावर.

१९९४ साली सन कंपनीच्या जेफ बॉनविक यांनी ‘स्लॅब’ या वाटपपद्धतीवर निबंध वाचला. त्याची कीर्ती वेगासाठी झाली; मला मात्र त्यातील दोषशोधनाचा भाग अधिक मोलाचा वाटतो. केवळ ‘जपून लिहा’ असे बजावून चुका थांबत नाहीत, हे त्यामागे गृहीत आहे. तपासणी चालू असताना मोकळ्या झालेल्या जागेत एक ठरावीक खूण भरायची. षोडशमान पद्धतीत नऊच्या पुढे ए ते एफ ही सहा रोमन अक्षरे अंकांचे काम करतात. त्यांतूनच जुळवलेला ‘डेडबीफ’ हा शब्द येथे खुणेला घेतला. जागा पुन्हा देताना तो शाबूत आहे का, हे पाहायचे. एक अक्षर जरी बदललेले दिसले, तरी घर सोडून गेलेला कोणी मागाहून आत शिरला होता हे सिद्ध! जागा कोणी घेतली, कोणी सोडली याची नोंदही ठेवलेली असे. लिनक्सनेही हाच मार्ग धरला; तेथे मोकळ्या जागेतली खूण अक्षररूपात पाहिली तर इंग्रजी ‘के’ची लांब रांग दिसते.

मात्र खूण चोर येऊन गेल्यावर बोलते, आणि नुसते वाचून गेलेला तिला कळत नाही. ही उणीव २०१५ मध्ये लिनक्सच्या ४.० या आवृत्तीत आलेल्या ‘केसॅन’ने पुष्कळशी भरून काढली. मेमरीच्या दर आठ बाइटांमागे एक छायाबाइट ठेवायचा आणि प्रत्येक वाचन-लेखनापूर्वी तो तपासायचा. गुन्हेगार जागच्या जागी सापडू लागला. पण वेग फार मंदावतो आणि मेमरीचा आठवा हिस्सा पहाऱ्यातच जातो. म्हणून त्याचा वापर मुख्यतः चाचणीपुरता राहिला.

२०२१ मध्ये आलेला ‘केफेन्स’ थोड्याच वाटपांची नमुन्यादाखल निवड करून त्यांच्या कडेला पहारा बसवतो. त्यामुळे तो रोजच्या कामातील यंत्रांवरही चालतो. एका यंत्रावर बहुतेक दोष त्याच्या हातून निसटतील. परंतु हजारो यंत्रांवर महिनोन्‌महिने चालला, की चाचणीत कधीच न घडलेला प्रसंग कोठे तरी त्याच्या तावडीत येतो.