न्यूटच्या डोळ्याचा इतिहास

कारखान्यात यंत्राचा एखादा भाग निकामी झाला, तर आपल्यापुढे दोनच मार्ग असतात : भांडारातून नवा भाग आणावा, नाहीतर जुनाच सांधून घ्यावा. निसर्गाला तिसराही एक मार्ग ठाऊक आहे. तो ओळखायला माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्याचा हा थोडक्यात इतिहास.

न्यूट हा दिसायला पालीसारखा, पण बेडकाप्रमाणे उभयचर असलेला लहानसा प्राणी. आपल्या महाराष्ट्रात तो नाही. त्याचा एक नातलग दार्जिलिंगकडच्या डोंगरांत आढळतो. १७६८ साली इटलीतील धर्मगुरू व शास्त्रज्ञ लाझारो स्पालान्झानी याने प्रसिद्ध केले की, अशा प्राण्याचे पाय, शेपटी आणि जबडासुद्धा तोडल्यावर पुन्हा येतात. त्याचा पत्रमित्र, जिनीव्हाचा शार्ल बोने, याने पुढे जाऊन न्यूटच्या डोळ्यावर प्रयोग केला, आणि १७८१ साली नवा डोळा आल्याचे नोंदविले. सूक्ष्मदर्शकावर काम करून करून बोनेची स्वतःची दृष्टी अधू झाली होती, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

डोळा येतो हे कळले. पण तो येतो कोठून? १८९१ साली इटलीतील विन्चेन्झो कोलुची याने दाखविले की, डोळ्यातील भिंग काढले असता नवे भिंग बाहुलीभोवतालच्या रंगीत पडद्याच्या, म्हणजे कनीनिकेच्या, वरच्या काठापासून तयार होते. काही वर्षांनी, १८९५ च्या सुमारास, जर्मनीच्या गुस्टाफ वोल्फ याने स्वतंत्रपणे तेच सिद्ध केले. शास्त्रात ही क्रिया वोल्फच्याच नावाने ओळखली जाते. काम एकाचे आणि पाटीवर नाव दुसऱ्याचे, हा अनुभव आम्हा कामगारांना नवा नाही. म्हणून कोलुचीचे नाव मी मुद्दाम घेतो.

वोल्फचा सवाल मात्र बिनतोड होता. गर्भात भिंग बनते ते बाहेरच्या त्वचेच्या थरापासून. येथे ते अगदी निराळ्या जागेतून येते! शिवाय बाकी डोळा शाबूत ठेवून नुसते भिंग नाहीसे व्हावे, असा अपघात निसर्गात होणार कसा? मग ही विद्या न्यूट शिकला कधी? डार्विनच्या निवडीच्या तत्त्वाविरुद्ध वोल्फने हा पुरावा पुढे केला. त्याने ते तत्त्व कोसळले नाही, पण प्रश्नाने पुढच्या संशोधकांना कामाला लावले.

घडते ते असे. गिरण्यांच्या काळात कामगार गैरहजर राहिला की दारातून बदली कामगार आत घेत. न्यूटच्या डोळ्यात बदली कोणी येत नाही. शेजारच्या खात्यातील कायम कामगारच, म्हणजे कनीनिकेच्या रंगपेशी, आपला रंग टाकून देतात, विभागून वाढतात आणि पारदर्शक भिंगाच्या पेशी बनतात. दृष्टिपटल गेले तर त्यामागील रंगपेशींचा थर तेच काम करतो. पेशीचा धंदा एकदा ठरला की जन्मभर तोच, हा समज येथे खोटा ठरतो.

ही शक्ती कधीतरी थकत असेल? जपानचे गोरो एगुची, अमेरिकेतील पनायोटिस त्सोनिस आणि त्यांचे सहकारी यांनी त्याच न्यूटांची भिंगे १६ वर्षांत १८ वेळा काढली. शेवटी ते प्राणी निदान ३० वर्षांचे होते. तरीही १७ वे व १८ वे भिंग, ज्यांचे भिंग कधीच काढलेले नव्हते अशा प्रौढ न्यूटांच्या भिंगाच्या तोडीचे निघाले. हे २०११ साली प्रसिद्ध झाले.

सानेवर काम करताना लोखंडाची कणी उडून डोळा गेलेले कामगार मला भेटतात. पुन्हा येईल का, असे ते विचारतात. मोतीबिंदू झाला तर आपल्याला कृत्रिम भिंग बसविता येते. पण प्रौढ माणसाची कनीनिका नवे भिंग घडवीत नाही, आणि गेलेले दृष्टिपटल आपले आपण येत नाही. नुकसानभरपाईच्या रकमेतून नवा डोळा उगवत नाही. न्यूटच्या पेशींना हे कसे साधते, हे शोधणारे आज ना उद्या आपल्याही उपयोगी पडतील. तोवर संरक्षक चष्म्याची मागणी सोडणे आपल्याला परवडणार नाही.